बॅटरीवरचा फवारणी पंप: सोसायटीची हिरवळ आणि गच्चीवरची बाग

केवडा
नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत यंदा बाग समितीचं काम माझ्याकडे आलं आहे. तीन गुंठे हिरवळ, कडेनं जास्वंद, तगर, मोगरा, गुलाबांची एक रांग, आणि गच्चीवर रहिवाशांच्या कुंड्या. माळीकाका साठीच्या पुढचे आहेत. एका हातानं पाठीवरच्या हातपंपाचा दांडा मारत, दुसऱ्या हातानं नळी धरत सगळी बाग फिरतात आणि फवारणीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा खांदा वर होत नाही. हे बघवत नाही, म्हणून बॅटरीचा पंप घ्यायचं ठरवलं आहे.

किती लिटरचा घ्यावा? साधी बॅटरी की लिथियम? हिरवळीत लव्हाळा आणि रुंद पानांचं तण माजलंय, त्यावर याच पंपानं औषध मारता येईल का? गच्चीवरच्या मंडळींना तोच पंप वापरायला द्यावा का? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

शेतावरचा
केवडाताई, पंप घेताना सगळे लिटर विचारतात, मी आधी वजन बघतो. १६ लिटरच्या टाकीत १६ किलो पाणी, त्यावर पंपाचं स्वतःचं पाच-सहा किलो. म्हणजे काकांच्या पाठीवर बावीस किलो. दांडा मारायचा नसला तरी हे ओझं घेऊन वाकायचं, वळायचं, पायऱ्या चढायच्या. खांदा वाचवून कंबर घालवण्यात अर्थ नाही. १२ लिटरचा मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर १६चा घ्या आणि टाकीवर १० लिटरच्या खुणेपाशी रंगाची जाड रेघ ओढून ठेवा. त्या रेघेच्या वर भरायचं नाही. तुमच्या बागेला पाण्याचा नळ लांब नसणार, दोनदा भरून घेता येतं.

आता बॅटरी. बाजारात बहुतेक पंपांत १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते, ८ किंवा १२ अँपिअर-अवरची. दुकानदार मोठी बॅटरी गळ्यात मारतो. गणित साधं आहे. मोटर साधारण दोन ते तीन अँपिअर खेचते. म्हणजे ८ची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर तीन तासांच्या आसपास चालते. तीन गुंठ्यांना आणि गुलाबांच्या एका रांगेला तीन तास कशाला लागतात? १२ची बॅटरी माझ्यासारख्या एकरात फिरणाऱ्याला. तुम्हाला ते नुसतं वाढीव वजन.

लिथियम हलकी असते, पाठीवरचे दीड-दोन किलो सहज कमी होतात, आणि अर्धवट चार्ज करून ठेवली तरी लेड-ॲसिडइतकी लवकर खराब होत नाही. किंमत जास्त. काकांचं वय बघता मी लिथियमच सुचवीन. मात्र तिचा चार्जर वेगळा असतो, जुन्या पंपाचा चार्जर तिला कधीही लावू नका.

बॅटरी आणि दांडा दोन्ही असलेला डबल पंप शेतात उपयोगी पडतो, लाईट गेली तरी काम अडत नाही. सोसायटीला गरज नाही.

आणि घ्यायचा तो मार्केट यार्डाच्या बाजूला शेती अवजारांची दुकानं आहेत तिथून. पाणी भरून, चालवून दाखवायला सांगा. त्याच वेळी ट्रिगर, वॉशर, डायफ्रॅम (मोटरजवळचा पाणी ढकलणारा रबरी पडदा) सुटे मिळतात का ते विचारा. पार्ट मिळत नसतील तर पंप कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

कुंडीभर
गच्चीवाल्यांच्या वतीनं लिहिते. कुंड्यांना पाठीवरचा पंप देऊ नका. दोन ते पाच लिटरचे हातात धरायचे किंवा खांद्याला अडकवायचे छोटे बॅटरी पंप मिळतात, यूएसबीवर चार्ज होणारे. पन्नास-साठ कुंड्यांना दोन लिटर द्रावण पुरतं. मोठ्या पंपात सोळा लिटर कालवलं की ते संपवायची घाई होते आणि झाडांवर नको तितकं ओतलं जातं. कडुनिंबाचं द्रावण उरवून दुसऱ्या दिवशी मारण्यातही हशील नाही, त्यातला अझाडिरॅक्टिन हा कामाचा घटक पाण्यात आणि उन्हात लवकर निकामी होतो. लागेल तेवढंच कालवावं.

आता खरी गोष्ट. पुण्यात मार्च ते मे गच्चीवर लाल कोळी येतो. पानं वरून पिवळट, ठिपक्याठिपक्यांची दिसतात. पान उलटं करून उन्हात तिरकं धरलं की बारीक जाळी चमकते आणि तिच्यावर लाल-तांबूस टिंबं सरकताना दिसतात. हा कोळी कोरड्या, तापलेल्या हवेत वाढतो. त्याला औषधाच्या आधी साधं पाणी मारा. छोट्या पंपाची नळी पुढे वाकवता येते, ती पानाखाली घालून खालून वर जोरात पाणी सोडायचं. दर दोन-तीन दिवसांनी हे केलं तर बहुतेक वेळा औषधाची पाळीच येत नाही. बॅटरी पंपाचा मला सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो. दांडा मारत पानापानाखाली नळी फिरवणं होत नाही, माणूस कंटाळून वरवर मारतो आणि कीड खाली सुखात राहते.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाचंही तेच. त्याच्या अंगावर मेणचट कापूस असतो, त्यावरून द्रावण घरंगळून जातं. आधी पाण्याच्या जोरदार धारेनं तो धुवायचा, खूप झाला असेल तर फांदी छाटून पिशवीत बंद करून टाकायची, आणि मग संध्याकाळी एक लिटर पाण्याला ५ मिली कडुनिंब तेल आणि एक-दोन मिली सौम्य द्रवसाबण. तेल आणि साबण आधी वाटीत दुधाळ होईपर्यंत फेटा, मग पाण्यात घाला. नुसतं तेल टाकीत ओतलं तर ते वर तरंगतं, शेवटच्या चार झाडांवर निव्वळ तेल पडतं आणि पानं भाजतात.

वाघोलीकर
कुंडीभर, आमच्याकडे बोअरचं पाणी. साबण घातला की पांढरा साका येतो आणि नोझल तुंबतं. काय करावं?

कुंडीभर
जड पाण्यात साबण फाटतो, त्याचाच तो साका. फवारणीपुरतं पाणी पावसाचं साठवलेलं किंवा पिण्याच्या नळाचं घ्या, दोन लिटरचा तर प्रश्न आहे. आणि टाकीत घालण्याआधी काचेच्या बाटलीत थोडं कालवून पंधरा मिनिटं ठेवून बघा. थर वेगळे झाले किंवा साका बसला तर ते पंपात घालूच नका.

दशपर्णी अर्क (दहा झाडपाल्यांचा) किंवा जीवामृत (शेण-गोमूत्राचं द्रावण) मारणार असाल तर दुहेरी सुती कापडातून गाळून घ्या, तेही दोनदा. पंपाची जाळी चहाच्या गाळणीइतकी ढोबळ असते, तिच्या भरवशावर राहू नका.

शेतावरचा
नोझलचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करतो, कारण पंप चांगला आणि नोझल चुकीचं हे सर्रास दिसतं.

पंपासोबत तीन-चार नोझल येतात. पोकळ शंकूसारखा फवारा देणारं झुडपांना, वेलींना, कीड आणि बुरशीसाठी. थेंब बारीक पडतात आणि पानाच्या दोन्ही बाजूंना पोचतात. पंख्यासारखा चपटा फवारा देणारं हिरवळीसाठी. ते जमिनीपासून दीड फुटावर एका उंचीत धरून सरळ चालायचं, हात डावी-उजवीकडे झुलवायचा नाही. झुलवलं की मधे दुप्पट आणि कडेला काहीच पडत नाही.

बहुतेक पंपांना वेगाचं बटण असतं. लोक ते शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. दाब वाढला की थेंबाचं धुकं होतं, आणि धुकं झाडावर न बसता वाऱ्यासोबत जातं. शेतात ते शेजारच्या बांधावर जातं, सोसायटीत पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर. हिरवळीवर चपट्या नोझलनं मारताना बटण मध्याच्या खालीच ठेवा.

नोझल तुंबलं तर जुना टूथब्रश आणि पाणी. तार किंवा पिन घातली की भोक वाकडं मोठं होतं, मग फवारा कधीच नीट पडत नाही. तोंडानं फुंकर मारणारे मी पाहिलेत. कृपा करून कुणी असं करू नका, त्या नोझलमधून विष गेलेलं असतं.

हिरवळवाला
माझा धंदा लॉन लावायचा आणि सांभाळायचा, त्यामुळे केवडाताईंच्या तणाच्या प्रश्नावर लिहितो.

रुंद पानांच्या तणाला २,४-डी हे तणनाशक चालतं आणि ते गवताला तुलनेनं सोसतं. पण लव्हाळ्याची त्यानं वरची पात जळते, खालची गाठ शाबूत राहते आणि पुन्हा फुटते. ऊस-मक्यात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्यूरॉन मिथाइल मारतात. ग्लायफोसेट तर हिरवळीवर नकोच, ते सगळंच गवत मारतं. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं त्यावर निर्बंध घातले आहेत, पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय इतरांनी ते वापरायचं नाही.

तणनाशक मारायचंच असेल तर त्याचा पंप वेगळा. यात तडजोड नाही. २,४-डी टाकीच्या प्लास्टिकला, नळीला, वॉशरला चिकटून राहतं, दोन पाण्यानं धुऊन जात नाही. त्याच पंपानं पुढच्या आठवड्यात गुलाबाला काही मारलं की नवी पालवी वेडीवाकडी, दोरीसारखी पिळलेली येते. टोमॅटो आणि द्राक्ष तर त्याच्या वासालाही टिकत नाहीत.

आज्जीची बाग
हिरवळवाले, तुमचं ज्ञान मोठं आहे, पण मला इथे ठाम विरोध नोंदवायचा आहे. सोसायटीची हिरवळ म्हणजे शेत नव्हे. तिथे पोरं अनवाणी खेळतात, रांगणारी बाळं गवत तोंडात घालतात, संध्याकाळी आमच्या वयाच्या बायका मांडी घालून बसतात. औषधाच्या डब्यासोबतच्या पत्रकात कोणत्या पिकासाठी शिफारस आहे ते छापलेलं असतं. त्यात नसलेल्या जागी ते मारूच नये. "उसात चालतं" हे कारण होऊ शकत नाही.

तीन गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट. एवढी जागा हातानं निंदता येते. पाऊस पडून गेला की माती मऊ होते, तेव्हा लव्हाळा खुरप्यानं नाही, लांब टोकाच्या सळईनं गाठीसकट उचकटायचा. खुरप्यानं वर कापला तर गाठी तुटून दुप्पट होतो. गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, एक हळूच ओढली की मागून दुसरी येते. दोन पावसाळे नेटानं केलं की जोर मोडतो. आणि गवत फार बुटकं कापू नका. उंच ठेवलं की सावली जमिनीवर राहते आणि रुंद पानांच्या तणाचं बी रुजत नाही. बहुतेक सोसायट्यांत लव्हाळा येतो तो भरावाच्या मातीतून आणि न कुजलेल्या शेणखतातून. पुढच्या वेळी माती आणाल तेव्हा चाळून घ्या.

दुसरं, मधमाश्या. फुलोरी माश्यांचं तळहाताएवढं पोळं आमच्या तगरीत दरवर्षी असतं. फुलं उमलली असताना, सकाळी नऊ-दहाला फवारणी म्हणजे त्यांच्यावर थेट घाव. १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था ज्या शहरात आहे त्या पुण्यात तरी आपल्याला हे वेगळं सांगायला लागू नये. सूर्य कलल्यावर माश्या घरी गेल्या की मगच पंप पाठीवर घ्यावा, आणि उमललेल्या फुलांवर काहीही मारू नये. कडुनिंबसुद्धा नाही.

हिरवळवाला
आज्जी, मुलं खेळतात त्या जागेबद्दल तुमचं म्हणणं मान्य. माझी बरीच कामं बंगल्यांची आणि कंपन्यांच्या आवारांची, तिथे कुंपण घालून लॉन बंद ठेवता येतं. सोसायटीत ते होत नाही. तीन गुंठ्यांना हातानं निंदणं परवडतंही. मग हिरवळीवर बॅटरी पंपाचा उपयोग दुसऱ्या कामाला करा.

पुण्यात बोअरच्या पाण्यावरची लॉनं उन्हाळ्यात पिवळी पडतात. लोक युरिया टाकत सुटतात. पण कोवळी पात पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता असते. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. त्याला वरून फवारा लागतो. एक लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, चपट्या नोझलनं. आठवड्याभरात रंग फिरतो. एक काळजी घ्या: हिराकसाचे थेंब फरशीवर पडले की तांबडे डाग पडतात, ते निघत नाहीत. कडेच्या फरशा आधी पाण्यानं चिंब करा आणि फवारणी संपताच धुऊन काढा. हिराकस धातूलाही खातो, पंप लगेच धुवा.

गुलाबांना थंडीत भुरी येते, पानावर पिठूळ पांढरं. त्याला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. कडुनिंब तेल मारल्यावर किमान दोन आठवडे गंधक मारू नका, पानं करपतात. आणि ऊन तापायला लागलं की गंधक बंद.

स्टेथो
मी डॉक्टर आहे, म्हणून एवढंच पण महत्त्वाचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेनं गेले, हे सगळ्यांना आठवत असेल. कीटकनाशक नाकातोंडातून जातं तसंच कातडीतून जातं. पाठीवरचा पंप गळत असेल तर शर्ट भिजतो, भिजलेला शर्ट तासभर अंगाला चिकटून राहतो आणि विष शरीरात जात राहतं. माणसाला कळतही नाही, कारण दुखत काहीच नाही.

म्हणून काकांना पंप देण्याआधी साधं पाणी भरून, झाकण लावून, पंप पालथा-आडवा करून बघा. झाकणाच्या वॉशरमधून एक थेंब जरी आला तरी वॉशर बदला. पाठ आणि पंप यांच्यामधे प्लास्टिकचा जाड कागद किंवा रेनकोट. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्याला चष्मा, लांब बाह्या, गमबूट. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही, उलट भिजला की विष नाकाशी धरून ठेवतो. डब्यावरच्या चौकटीतला रंग बघायला काकांना शिकवा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. सोसायटीच्या बागेत लाल आणि पिवळ्याचं काहीच काम नाही.

औषध कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका. मळमळ, खूप घाम, लाळ, डोळ्यांपुढे धूसर, धाप असं काही झालं तर कपडे उतरवून साबणपाण्यानं अंग धुवा, १०८ला फोन करा आणि औषधाचा डबा रुग्णासोबत पाठवा. डब्यावरचं नाव दिसलं की आमचा मोलाचा वेळ वाचतो.

केवडा
सगळ्यांचे मनापासून आभार. समितीत हा धागा मोठ्यानं वाचला. निर्णय असा: लिथियमचा एक पंप, दहा लिटरच्या रेघेसह, तणनाशक नाही. निंदणीसाठी पावसाळ्यात दोन बायका रोजंदारीवर लावायच्या. गच्चीवाल्यांसाठी दोन छोटे पंप, नोंदवही ठेवून. फवारणीच्या आदल्या दिवशी फलकावर सूचना, कोणतं औषध आणि किती वाजता ते लिहून.

पंप आणला आणि आधी साध्या पाण्यावर मोजणी केली. हिरवळीवर १० बाय १० फुटांचा चौकोन दोरीनं आखला, टाकीत मोजून पाणी घातलं, काकांना त्यांच्या नेहमीच्या चालीनं फवारायला सांगितलं आणि उरलेलं पाणी मोजून काढलं. १०० चौरस फुटांना ६०० मिली लागलं. म्हणजे सगळ्या हिरवळीला साडेएकोणीस लिटरच्या वर, दहाच्या दोन टाक्या. आता हिराकस किती कालवायचं याचा अंदाज घ्यायला नको, १०० ग्रॅम म्हणजे दोन्ही टाक्या मिळून. काकांनी पहिल्याच दिवशी पट्ट्याला जुन्या गोधडीचा तुकडा शिवून घेतला. खांद्यात रुतत नाही म्हणाले.

एक शंका उरली. पावसाळ्यात चार महिने फवारणी जवळजवळ बंद असते. तेव्हा पंप कसा ठेवायचा?

शेतावरचा
मोजणी केलीत हे फार बरं केलंत ताई. पन्नास पंपवाल्यांत एखादाच करतो.

ठेवण्याचं सांगतो. शेवटच्या फवारणीनंतर टाकी तीनदा धुवायची आणि तिन्ही वेळा पंप चालू करून स्वच्छ पाणी नळीतून, नोझलमधून बाहेर सोडायचं. नुसती टाकी विसळली तर औषध मोटरच्या डायफ्रॅममधे बसून राहतं आणि रबर कडक होतं. धुतलेलं पाणी गटारात नाही, ज्या झाडांना औषध मारलं त्यांच्याच बुंध्याशी. मग टाकी रिकामी करून कोरडी चालवायची, पण काही सेकंदच, नळीतलं पाणी निघेपर्यंत. झाकण सैल ठेवून सावलीत उलटी टांगा. नोझल आणि जाळ्या काढून डब्यात.

लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका आणि पूर्ण उतरवूनही नका, अर्ध्याच्या वर असली की पुरे. दोन महिन्यांनी एकदा बघा. लेड-ॲसिड असलेल्यांनी मात्र पूर्ण चार्ज करून ठेवायची आणि दर महिन्याला पुन्हा चार्जिंगला लावायची. उतरलेली पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं, मग ती चार्ज घेते असं दिसतं पण दहा मिनिटांत बसते. मेलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि पैसे कमी करतो.

वाघोलीकर
माझ्या पंपात ट्रिगर सोडला तरी मोटर थांबून थांबून टरटर करत राहते. बॅटरी गेली का?

शेतावरचा
बॅटरी नाही. ट्रिगर बंद केला की नळीत दाब वाढतो आणि प्रेशर स्विच मोटर बंद करतो. टरटर होते म्हणजे कुठेतरी दाब गळतोय, तो उतरला की स्विच पुन्हा मोटर सुरू करतो. मोटर बंद करा, नळीचे दोन्ही सांधे आणि ट्रिगरची मूठ कोरड्या कपड्यानं पुसा, मग चालू करून कागद फिरवा. जिथे कागद ओला होतो तिथला वॉशर गेलाय. बहुतेक वेळा तो ट्रिगरच्या मुठीतलाच असतो. तिथे काही मिळालं नाही तर पंपाच्या बुडाचं झाकण उघडून मोटरच्या तोंडाशी बघा. तिथे ओल असेल तर डायफ्रॅमचा संच बदलावा लागेल, तो दुकानात बसवून घ्या.